जोडाखालचे फुटवे

घाबरायला गुरुदासला कधी कारण लागलं नाही. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत येऊन ते ओढून बघायचं, गॅस बंद केल्यावर बटणावर हात ठेवून मनात ‘बंद’ म्हणायचं, अनोळखी नंबर आला की फोन बायकोच्या हातात द्यायचा, ही त्याची रोजची कामं. शाळेत हेडक्लार्क म्हणून सगळी नोकरी त्याने अशीच घाबरत केली आणि घाबरतच निवृत्त झाला. पण त्याच्या कामात कधी चूक सापडली नाही. अशा माणसाला जामसंड्यात जबाबदार म्हणतात, आणि एकदा तसं नाव पडलं की गळ्यात काय येऊन पडेल ते सांगता येत नाही. गुरुदासच्या गळ्यात गुलाब पडला.

गुलाब शेजारच्या रुकय्याचाचींचा. त्यांचे यजमान मुख्तारचाचा जहाजावर भंडारी होते, म्हणजे खलाशांना रांधून घालायचे. बसऱ्याच्या बंदरातून त्यांनी या गुलाबाची काडी बटाट्यात खोचून आणली. वाटेत जहाजावरचे बटाटे संपले, खलाशी कुरकुरले, तरी तेवढा एक बटाटा चाचांनी कुणाला सोलू दिला नाही, असं चाची सांगत. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. गुलाब राहिला.

बाजारात मिळतो तसा तो गुलाब नव्हता. ताठ दांडा आणि त्यावर टोकदार कळी, असला तोरा त्याला नव्हता. फिकट गुलाबी, पाकळ्यांनी गच्च भरलेलं फूल, तेही मान खाली घातलेलं, आणि दुपारपर्यंत निम्म्या पाकळ्या अंगणात. पण वास मात्र असा की चाचींकडे गुलाब फुलला की गुरुदासच्या घरात चहालासुद्धा तो वास लागायचा. चाची त्याचा गुलकंद करत, आणि दर चतुर्थीला पहिली फुलं गुरुदासच्या गणपतीला येत. गावात सगळे त्याला बसऱ्याचा गुलाब म्हणत. याहून खरं नाव त्याला असेलही, पण ते कुणी विचारलं नव्हतं.

यंदा पावसाच्या तोंडावर चाचींच्या हृदयाची झडप बिघडली. मुंबईहून मुलगा शाहीद गाडी घेऊन आला. ऑपरेशन मुंबईला. निघताना चाचींनी गुरुदासला अंगणात बोलावलं.

“गुरुदास, माझो गुलाब तुझ्या ताब्यात.”

“पाणी किती घालूचा?” गुरुदासने विचारलं.

“पावस पडताहा. पाणी कित्याक? तू काय एक करू नको. फकत बग.”

“आणि खत?”

“फकत बग रे बाबा.” चाची हसल्या. पण फाटकाचा खांब त्यांनी घट्ट धरला होता, आणि ते गुरुदासला दिसलं. “जवसर ह्यो आसा, तवसर मी आसंय,” असं म्हणून त्या गाडीत बसल्या.

माणसं बोलतात असं काहीतरी. बोलणारा गाडीत बसून जातो आणि ऐकणाऱ्याची झोप उडते. गुरुदास अंधश्रद्धाळू नव्हता. शाळेत दरवर्षी विज्ञान प्रदर्शनाची पताका तोच लावायचा. तरी त्या दिवसापासून तो सकाळ-संध्याकाळ छत्री घेऊन गुलाबापुढे उभा राहायचा, आणि गुलाब आहे म्हणजे चाची आहेत, अशी खात्री करून मग दात घासायचा.

थोड्याच दिवसांत गुलाबाच्या बुडातून फुटवे आले. लांब, हिरवेगार, काटेरी, आणि जोमदार इतके की गुरुदासला त्या जोमाचीच धास्ती वाटली. समोरचा सत्यवान तेव्हा रस्त्याने चालला होता. सत्यवानची हापूसची बाग आहे, आणि देवगड तालुक्यात ज्याची बाग आहे त्याला जगातल्या सगळ्या झाडांवर बोलायचा अधिकार आपोआप मिळतो. तो आत आला, उकिडवा बसला आणि बुडाशी असलेल्या जाड गाठीवर त्याने बोट ठेवलं.

“ह्यो बग जोड. ह्ये फुटवे जोडाखालना इले. म्हणजे रायवळ.”

इकडच्या माणसाला याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. हापूसचं कलम बांधतात ते रायवळ, म्हणजे गावठी, आंब्याच्या रोपावर. कलमाच्या जोडाखालून जे फुटतं ते रायवळ, ते वेळीच काढलं नाही तर वरच्या हापूसचं सगळं सत्त्व खाऊन टाकतं. आमच्याकडे पोर चालायला लागण्याआधी त्याला जोड कुठे ते कळतं. गुरुदासलाही ते कळत होतंच, आणि म्हणूनच तोही शेजारी उकिडवा बसला.

“पाना मोज,” सत्यवान म्हणाला. “वरच्या फांदयेक पाच-पाच. ह्येंका सात-सात. जंगली गुलाब तो.”

“पण चाची म्हणाली, काय करू नको, फकत बग.”

“मगे बगीत ऱ्हव. चाची येतली तेव्हा बसऱ्याचो मेलेलो असतलो आणि जंगली माजलेलो असतलो. तू बगलंस म्हणान सांग.”

आता बघा, करण्याची भीती आणि न करण्याची भीती या दोन्ही एका माणसाच्या अंगात एकदम शिरल्या तर त्याने काय करावं? गुरुदास रात्रभर कूस बदलत राहिला. सकाळी उठून त्याने कोयती घेतली आणि चाचींच्या गुलाबाचे जोडाखालचे सगळे फुटवे बुडापासून साफ केले. काटे लागून हात रक्ताळले. पण आपण वेळेवर जबाबदारी पार पाडली असं त्याला त्या दिवशी वाटलं, आणि असं वाटण्याचा त्या पावसाळ्यातला तो शेवटचा दिवस.

“ह्ये काटे टाकू नकात,” त्याची बायको संचिता म्हणाली. “माका दिया.” दोन घरांच्या मधल्या पट्ट्यात तिने भेंडी घातली होती, आणि मागच्या घरातल्या नर्मदाच्या कोंबड्या ती उकरायच्या. संचिताने फुटव्यांचे हात-हातभर तुकडे केले आणि वाफ्याभोवती चिखलात खोचून कुंपण केलं. गुरुदासने तिकडे लक्ष दिलं नाही. फक्त चाचींच्या अंगणात जाताना त्या कुंपणाला त्याची लुंगी अडकली आणि फाटली.

आठवड्याभरात गुलाबाची जुनी फांदी शेंड्याकडून काळी पडायला लागली. पानं पिवळी होऊन गळाली. गुरुदास खाली पडलेल्या पानांकडे बघत उभा असतानाच शाहीदचा फोन आला. अम्मीला ताप भरलाय, ऑपरेशन पुढे ढकललंय, काळजी करू नका.

काळजी करू नका हे शब्द ज्याने शोधले त्याला काळजी म्हणजे काय ते माहीत नसावं. गुरुदास खाली बसला. फांदी काळी पडली आणि चाचींना ताप भरला. तो स्वतःशी म्हणाला, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हेच त्याने संचिताला सांगितलं, सत्यवानला सांगितलं, आणि कुणी विचारलं नव्हतं त्या पोस्टमनलाही सांगितलं.

मग सल्ले सुरू झाले. नर्मदा मासळी विकते. ती म्हणाली, “मासळी धुतल्याला पाणी घाला भावजी, मेलेला उठान बसता.” गुरुदासने घातलं. मेलेलं उठून बसलं नाही, पण आळीतली सगळी मांजरं येऊन बसली आणि त्यांनी गुलाबाची मुळं उकरली. मांजरांना हाकलताना लुंगी पुन्हा त्या कुंपणाला लागली. सत्यवान म्हणाला काळ्या फांदीला बोर्डोपेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा निळा लेप, लाव. ते लावलं तेव्हा फांदी निळी झाली आणि मग निळ्याखाली काळी झाली. कुणीतरी दृष्ट काढायला सांगितलं. विज्ञान प्रदर्शनाची पताका लावणाऱ्या माणसाने पावसात छत्री धरून गुलाबावरून मिरच्या ओवाळल्या, आणि तेवढ्यात रस्त्याने त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक गेले. ते काही बोलले नाहीत. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं गुरुदासला अजून वाटतं.

शेवटी तो तालुक्याच्या शेतकी कचेरीत गेला. टेबलामागच्या साहेबांनी खुर्ची दिली.

“पीक कोणतं?”

“गुलाब.”

“आंबा, काजू, नारळ, सुपारी, कोकम,” साहेब म्हणाले. “यात बघा बसतोय का.”

“गुलाब आहे साहेब.”

“क्षेत्र किती?”

“एक झाड.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माणूस सज्जन होता. ते म्हणाले, “हे बघा, नुकसान वादळाने, वणव्याने किंवा वानरांनी झालं असेल तर आपण पंचनामा करू. पण पंचनाम्यात कारण लिहावं लागतं. कारण काय?”

पंचनामा हा शब्द ऐकून गुरुदासच्या डोळ्यांपुढे गुलाब आलाच नाही. मुंबईचं हॉस्पिटल आलं, पांढरी चादर आली, आणि कारण या शब्दापुढे त्याचं स्वतःचं नाव आलं.

“कारण मी,” तो म्हणाला आणि छत्री तिथेच विसरून बाहेर पडला.

तोवर जुनी फांदी बुडापर्यंत काळी झाली होती. शाहीदचा फोन आला, ताप उतरलाय, उद्या ऑपरेशन, आणि अम्मी म्हणतेय आत जाण्याआधी व्हिडिओवर गुलाब दाखवा. गुरुदासने फोन ठेवला आणि वेंगुर्ल्याची एसटी पकडली. तिथल्या एका रोपवाटिकेत हवा तो गुलाब मिळतो असं नर्मदाच्या जावयाने सांगितलं होतं.

“गुलाबी गुलाब व्हयो,” गुरुदास रोपवाल्याला म्हणाला. “जुनो. वासाचो. मान खाली घातलेलो.”

“मान आपण खाली घालूची,” रोपवाला म्हणाला आणि त्याने कळी मिटलेलं एक रोप पिशवीत घालून दिलं. “फुलल्यार बगा.”

येताना एसटीत ते रोप गुरुदासने मांडीवर धरलं होतं. कळीला धक्का लागू नये म्हणून तो सबंध प्रवासात कुणाशी बोलला नाही. घरी आल्याबरोबर काळ्या बुंध्याच्या शेजारी त्याने ते लावलं. सकाळी कळी उमलली. नारिंगी. थेट नारिंगी, सरकारी खांबावरच्या दिव्यासारखी.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर चाची होत्या, हिरव्या गाउनमध्ये, केस कापडात बांधलेले, आणि इतक्या लहान दिसत होत्या की ओळखू येईनात.

“दाखय,” चाची म्हणाल्या.

गुरुदासने फोन फुलाकडे वळवला. हात हलत होता. मग त्याला सुचलं. “रंग जरा फोनाचो बिघडलोहा, चाची. पावसान.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. गुरुदासला वाटलं रेंज गेली, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा कंपनीचे मनापासून आभार मानले. पण रेंज होती.

“बरो आसा,” चाची म्हणाल्या. “फकत बगतंस मां?”

“बगतंय.”

“बग हां,” असं म्हणून त्यांनी फोन शाहीदकडे दिला.

तो सबंध दिवस गुरुदास काळ्या बुंध्यापाशी बसून होता. त्याने जेवायला नकार दिला. संचिता त्याच्यावर कधी ओरडत नाही, त्या दिवशीही ओरडली नाही, पाट आणून शेजारी बसली. ती म्हणाली, “झाडाचा आणि माणसाचा काय एक नसता.” तो म्हणाला, “माका ठावक आसा.” आणि मग त्याने तिचा हात धरला, कारण ठाऊक असून काही उपयोग होत नव्हता. चाचींनी त्याला लहानपणी ईदला शीरखुर्मा भरवला होता. त्याचे वडील गेले त्या दिवशी याच अंगणातल्या गुलाबाची फुलं चाचींनी ओंजळ भरून आणली होती. या झाडावर कोयती चालवणारा हात आपला होता, आणि तो आता बायकोच्या हातात गार पडला होता.

संध्याकाळी शाहीदचा फोन आला. गुरुदासने तो संचिताकडे दिला. तिने ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाली, “झाला. बरी आसा.”

गुरुदास रडला. भरपूर रडला. आणि नाक पुसून होतं न होतं तोच त्याला नवी भीती आली. बरी आहे म्हणजे चाची आता घरी येणार.

चतुर्थीच्या जरा आधी शाहीदची गाडी फाटकाशी थांबली. गुरुदासने सांगायचं ते पाठ करून ठेवलं होतं. सुरुवात ‘निसर्गापुढे कुणाचं चालत नाही’ अशी होती. चाची शाहीदचा हात धरून सावकाश उतरल्या. अंगणात आल्या, नारिंगी गुलाबाजवळून गेल्या आणि त्याच्याकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. काळ्या बुंध्यापाशी थोड्या थांबल्या. गुरुदासच्या तोंडून निसर्ग एवढाच शब्द निघाला.

मग चाची चालता चालता एकदम वळल्या आणि संचिताच्या भेंडीच्या वाफ्याकडे गेल्या.

“संचिता, ह्यां काय गो?”

“कुंपण चाची. कोंबड्यांक.”

चाची वाकल्या. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे हे शाहीदने फोनवर सांगितलं होतं, म्हणून गुरुदासही धावला आणि तिसऱ्यांदा लुंगी काट्यात अडकवून उभा राहिला. तेव्हा कुठे त्याने त्या कुंपणाकडे नीट बघितलं. संचिताने खोचलेल्या काड्यांना पानं फुटली होती. सात-सात. पावसाळाभर चिखलात उभं राहून त्यांनी मुळं धरली होती, आणि भेंडीच्या आडोशाला एका काडीवर एक कळी मान खाली घालून लोंबत होती. गुरुदास ज्याच्यासाठी कचेरी आणि वेंगुर्ला पालथं घालत होता, ते पुन्हा पुन्हा त्याची लुंगी धरून त्याला थांबवत होतं.

चाचींनी कळीवर बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. मग त्या विहिरीच्या कट्ट्यावर बसल्या.

“चाची, मी कापलंय,” गुरुदास म्हणाला. पाठ केलेलं सगळं विसरलं होतं. “जोडाखालचे फुटवे म्हणान. रायवळ म्हणान.”

“जोड?” चाची त्याच्याकडे बघत राहिल्या. “मेल्या, ह्येका जोड खंयचो? बटाट्यातसून इल्ली काडी ती. वर तोच आणि खाली पण तोच. गाठ ती म्हातारपणाची, जुनी फांदी जाताना तो बुडातसून नवो फुटता, आणि नव्याक पाना सातच.”

गुरुदासने मान खाली घातली.

“तू नारिंगी फूल दाखयलंस ना,” चाची म्हणाल्या, “तेव्हाच समाजलंय मी. गुलाब गेलो. आता माझो नंबर. तशीच आत गेलंय. काय भियालंय तां माझा माका ठावक.”

“मगे तुमी बोललात कित्याक नाय?”

“तुझो हात हालत होतो. फोनात सगळा अंगण हालत होता. म्हटला, ह्यो आधीच मेलोहा, ह्येका आणखी काय सांगूचा.” त्या हसायला लागल्या, आणि हसताना छातीवर हात दाबून धरावा लागला, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. संचिता त्यांच्या शेजारी बसली. चाचींनी पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा त्या वाफ्याकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“मी एकटीच होतंय रे,” त्या म्हणाल्या. “तू माका कुंपणभर लावलंस.”

शाहीद गाडीतल्या पिशव्या काढायला गेला. गुरुदासने काट्यातली लुंगी सोडवली.

“चाची, आता ह्येंका काय करूचा?”

“फकत बग.”

गुरुदासने घरातून खुर्ची आणली, कुंपणासमोर मांडली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला. थोड्या वेळाने नर्मदाची कोंबडी वाफ्याशी आली, तेव्हा त्याने बसल्या जागेवरून संचिताला हाक मारली.